गोळी मानवली तर

"यापूर्वी कधी मन फार खचलं होतं का? कशातच रस नाही, उठावंसं वाटत नाही, सगळं नकोसं झालंय, असं काही?" डॉक्टरीणबाईंनी लिहिता लिहिता विचारलं.

"नाही," ती म्हणाली.

उत्तर इतकं चटकन आलं की शेजारच्या खुर्चीतल्या नवऱ्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. तो चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसत बसला. चष्म्याच्या दुकानात काचा घासण्यात त्याची उमर गेली होती, आणि चष्मा सदऱ्याला पुसू नका म्हणून तो गिऱ्हाइकांना रोज बजावत असे.

डॉक्टरीणबाईंनी खणातून गोळ्यांचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

"नीट ऐका. तुमच्या अंगावरचे चट्टे आणि बोटांची, टाचेची सूज, हे दोन वेगळे आजार नाहीत. मूळ एकच आहे. शरीर विनाकारण स्वतःवरच चिडलंय. मलम वरून लावायचं असतं, ते सांध्यापर्यंत पोचत नाही. ही गोळी आतून ते चिडणं कमी करते."

"म्हणजे बरं होईल?"

"आटोक्यात येईल. बरं होणं वेगळं. गोळी थांबवली की चट्टे परत येऊ शकतात. सुरुवातीला कमी ताकदीची, मग रोज थोडी वाढवत न्यायची. कुठल्या दिवशी कुठली ते पाकिटावर छापलंय, आपल्या मनाने उड्या मारायच्या नाहीत. गोळी अख्खी गिळायची. तोडायची नाही, चावायची नाही. पोट बिघडेल, मळमळेल. बहुतेकांचं काही आठवड्यांत कमी होतं. वजन उतरू शकतं, म्हणून दर वेळी काट्यावर उभं करणार मी तुम्हाला."

"वजन उतरलं तर मी पेढेच वाट..." म्हणता म्हणता नवरा थांबला, कारण बायकोने त्याच्याकडे बघितलं होतं.

"आणि मन," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काही जणांना या गोळीने उदास वाटतं. थोड्याच जणांना. पण वाटलं तर लगेच कळवायचं. घरच्यांनीही लक्ष ठेवायचं."

नवऱ्याने मान हलवली. तिनेही हलवली. पाकीट तिने पर्समध्ये टाकलं, आणि पर्सची चेन लावताना तिचं सुजलेलं बोट त्या चिमुकल्या पट्टीवरून दोनदा घसरलं.

ती पोहायला शिकवत असे. गावाच्या सार्वजनिक तलावावर, निळ्या फरशीच्या त्या मोठ्या हौदात, तिने निम्म्या गावाला तरंगतं केलं होतं. पोरं तिला पोहणीबाई म्हणत. त्यांच्यातली कितीतरी आता स्वतःच्या पोरांना घेऊन येत आणि काठावर उभी राहून सांगत, "घाबरू नको, या बाईंनी मलासुद्धा बुडू दिलं नाही." तिची रीत एकच होती. शिकणाऱ्याच्या पाठीखाली हात धरायचा आणि बोलत राहायचं. घरचं, दारचं, काय वाट्टेल ते. ऐकणारा बोलण्यात गुंतला की हात हळूच काढून घ्यायचा.

पण त्या हातांवरच चट्टे आले. आधी कोपरावर, मग मनगटाशी, मग बोटांच्या पेरांवर. लाल, जाड, वर चंदेरी पापुद्रे. तिने पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा पोशाख शिवून घेतला. मग सकाळी बोटं वळेनाशी झाली. दोन बोटं तर फुगून अशी झाली की अंगठी कापून काढावी लागली. टाच जमिनीवर टेकली की ठणका थेट पोटरीत.

तरी ती पाण्यात उतरत राहिली. पाण्यात तिला दुखत नसे.

तक्रार एका मुलीच्या आईने केली. वाईट नव्हती ती, घाबरलेली होती. "माझ्या मुलीला त्या हातांनी धरतात," एवढंच ती व्यवस्थापकांकडे जाऊन म्हणाली. व्यवस्थापकांना सगळे शिट्टीसाहेब म्हणत, कारण गळ्यातली शिट्टी ते जेवतानाही काढत नसत. त्यांनी तिला खोलीत बोलावून बसायला खुर्ची दिली. त्यांनी खुर्ची दिली की बातमी वाईट असते, हे तलावावर सगळ्यांना ठाऊक होतं.

"मला माहीत आहे हो, हा लागणारा रोग नाही," ते म्हणाले. "पण मी प्रत्येकाला धरून सांगत बसू का? तिकिटाच्या खिडकीवर जागा आहे. सावली आहे. पंखा आहे."

"मला पंखा नकोय."

"मग निदान हे बरं करून घ्या. उन्हाळी वर्ग सुरू होईपर्यंत मी सांभाळतो. पुढचं माझ्या हातात नाही."

म्हणून ती डॉक्टरीणबाईंसमोर बसली होती, आणि म्हणूनच ती 'नाही' म्हणाली होती. होय म्हटलं तर बाई पाकीट परत खणात ठेवतील, अशी तिला धास्ती होती. शिवाय ते फार जुनं होतं. लेकीच्या जन्मानंतरचे ते महिने. ती भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची, मूल रडायचं आणि तिला ते रडणं शेजारच्या घरातून आल्यासारखं वाटायचं. सासूबाई त्याला अशक्तपणा म्हणायच्या. डॉक्टरकडे कुणी नेलं नव्हतं. ज्याला कधी नावच पडलं नाही, ते आजारपण म्हणून कसं सांगायचं, अशी तिने स्वतःची समजूत काढली.

घरी नवऱ्याने पाकिटातलं माहितीपत्रक उलगडलं. दुकानातलं भिंग लावून तो बारीक अक्षरं मोठ्याने वाचू लागला. कुठल्या औषधांबरोबर घेऊ नये, मूत्रपिंडाचा त्रास असल्यास काय, एखादी गोळी चुकली तर दोन एकदम घेऊ नयेत. मग तो एका ओळीपाशी थांबला.

"वाचा की," ती म्हणाली.

"यापूर्वी नैराश्य आलं असल्यास डॉक्टरांना सांगावे."

"सांगितलं ना तिथं. नाही म्हणून."

त्याने भिंग खाली ठेवलं, पत्रक घडी करून परत पाकिटात घातलं आणि विचारलं, "पाणी कोमट देऊ की साधं?"

पहिल्या काही दिवसांत पोटाने तिची परीक्षा पाहिली. सकाळी तलावावर जायच्या वाटेवर कुठे कुठे स्वच्छतागृह आहे याचा नकाशाच तिच्या डोक्यात तयार झाला. मळमळ अशी, की क्लोरीनचा वास, जो तिला आजवर कधी जाणवलाच नव्हता, तो फाटकापासूनच अंगावर येई. ती दात खाऊन गोळी घेत राहिली. खाणं थोडं थोडं केलं, पाणी भरपूर प्यायली. "सोडून दे," असं नवरा एकदाही म्हणाला नाही, आणि त्याबद्दल ती मनातून त्याची ऋणी होती.

पोट हळूहळू ताळ्यावर आलं. मग एका सकाळी तिने चहाचा कप कान धरून उचलला, आणि निम्मा चहा संपल्यावर तिच्या लक्षात आलं की आज आपण कप दोन्ही हातांनी धरलेला नाही. मनगटावरचे चट्टे आधी फिके पडले, मग सपाट झाले. कोपरावर नुसती गुलाबी सावली उरली. उन्हाळी वर्ग सुरू झाले त्या दिवशी ती अर्ध्या बाह्यांच्या पोशाखात पाण्यात उतरली. शिट्टीसाहेबांनी लांबून दोन्ही अंगठे वर केले. ती तक्रार करणारी आईही काठाशी आली आणि म्हणाली, "बाई, राग धरू नका हं." तिने राग धरला नव्हता.

तिला राग येतच नव्हता. काहीच येत नव्हतं.

केव्हा सुरू झालं ते सांगता आलं नसतं. लेकीचा फोन आला की ती 'हो, हो' म्हणायची आणि फोन ठेवल्यावर लेक काय बोलली ते आठवायचं नाही. जेवण समोर आलं की जेवायची, नाही आलं तर भूक लागायची नाही. पोशाख कमरेत सैल झाला होता. पहाटे जाग यायची आणि छातीवर ओलं पोतं ठेवल्यासारखं वाटायचं. आणि आरशात पाहावं तर हात स्वच्छ. सगळे म्हणत होते, काय कांती आली आहे. अशा वेळी कुठल्या तोंडाने सांगायचं की आत दिवा विझलाय? सांगितलं तर गोळी जाणार. गोळी गेली तर हात जाणार. ती मनाशी म्हणायची, थकवा असेल. अशक्तपणा असेल. आणि हा शब्द मनात आला की ती चटकन दुसऱ्या कामाला लागायची.

प्रौढांच्या वर्गात एक बेकरीवाले होते. पन्नाशीचे, अंगापिंडाने भरभक्कम, भट्टीसमोर आयुष्य काढलेले आणि पाण्याला मांजरासारखे भिणारे. "बाई, मी कणीक आहे, पाण्यात घातलं की विरघळणार," असं ते रोज म्हणत आणि रोज येत. त्या सकाळी ते पहिल्यांदाच छातीभर पाण्याच्या पुढे गेले होते. ती त्यांच्या पाठीखाली हात धरून उभी होती. बोलत मात्र नव्हती. बरेच दिवस ती बोलत नव्हती.

तिने हात काढला. त्यांचा तोल गेला, पाय सटकले आणि ते पाण्याखाली गेले.

ती बघत राहिली. त्यांचे विरळ केस पाण्यात संथ हलत होते, तोंडातून बुडबुडे निघत होते, एक हात काहीतरी शोधत होता. तो हात तिच्यापासून वीतभर अंतरावर होता. हे सगळं कुणीतरी जाड काचेपलीकडे मांडून ठेवलंय असं तिला वाटलं. खाली किती शांत असेल, असा एक विचार तिच्या मनात आला. आणि त्या विचाराला काहीही धार नव्हती, तो अगदी ओळखीचा होता.

मग त्या हाताची नखं तिच्या दंडाला लागली. तिने दोन्ही हात त्यांच्या काखेत घालून त्यांना वर ओढलं.

बेकरीवाले खोकले, थुंकले आणि दम परत आल्यावर डोळे चोळत हसू लागले. "बाई, आज मला बुडवायचंच ठरवून आला होतात काय?"

"माझं लक्ष नव्हतं," ती म्हणाली. "चूक माझी. काका, तुम्ही बाहेर चला."

"अहो, असू द्या हो, नाकात पाणी गेलं एवढंच."

"बाहेर चला," ती पुन्हा म्हणाली, आणि तिने सगळा वर्ग बाहेर काढला.

कुणी काही पाहिलं नव्हतं. कदाचित फार वेळ लागलाही नसेल. पण शिडी चढताना तिला दोन्ही कठडे धरावे लागले. ओल्या अंगाने ती शिट्टीसाहेबांच्या खोलीत गेली आणि खुर्चीची वाट न पाहता म्हणाली, "मी आजपासून पाण्यात उतरणार नाही. मी कळवेन तोपर्यंत."

"आता काय झालं? हात तर झकास दिसतायत."

"हात झकास आहेत," ती म्हणाली.

ती घरी न जाता थेट चष्म्याच्या दुकानात गेली. नवरा मागच्या खोलीत काच घासत होता. तिला अवेळी दारात पाहून त्याने यंत्र बंद केलं. तिने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. बुडबुडे सांगितले, तो शांततेचा विचारही सांगितला. शेवटी म्हणाली, "तेव्हासारखंच आहे हो. लेक झाली तेव्हासारखं. मी डॉक्टरांशी खोटं बोलले."

त्याने हातातली काच खाली ठेवली.

"मी शेजारीच बसलो होतो," तो म्हणाला. "मला नव्हतं का माहीत? मीच तर तेव्हा लेकीला बाटलीने दूध पाजायचो. तुला खिडकीवर तिकिटं फाडताना बघायचं माझ्या जिवावर आलं, म्हणून मीही गप्प बसलो. आणि गेले कित्येक दिवस तू आंघोळ करताना गुणगुणत नाहीस, हेही मला कळत होतं. म्हटलं, हात बरे होतायत, कशाला बोला."

"मग आता?"

"आता फोन लावू. मी बोलू की तू?"

"मी बोलते."

डॉक्टरीणबाईंनी त्यांना लगेच बोलावून घेतलं. सगळं ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं. रागावतील असं तिला वाटलं होतं. त्या रागावल्या नाहीत. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का, हे त्यांनी सरळ शब्दांत विचारलं, आणि या वेळी तिने उत्तराला वेळ घेतला.

"करावंसं नाही वाटत. पण मी नसले तरी चालेल, असं वाटतं."

"बरं झालं सांगितलंत. ही गोळी आजच बंद. आणि मी लगोलग मनाच्या डॉक्टरांना फोन करते, त्यांना आजच भेटून जा. एकटं राहायचं नाही." मग त्या म्हणाल्या, "तेव्हा होय म्हणाला असतात तर मी गोळी दिलीच नसती, असं नाही. विचार केला असता. कदाचित दुसरी दिली असती, कदाचित हीच देऊन दर आठवड्याला तुम्हाला बोलावलं असतं. तुम्ही मला विचार करायची संधी दिली नाहीत, इतकंच."

त्या 'इतकंच'ने तिला जे लागलं ते ओरडण्याने लागलं नसतं.

काचेपलीकडचं जग एकदम अलीकडे आलं नाही. हळूहळू आलं. एकदा लेकीशी फोनवर बोलताना ती हसली, आणि पलीकडे लेक क्षणभर गप्पच झाली. भूक परत आली. मनाच्या डॉक्टरांनी तिला बोलतं केलं, आणि त्या जुन्या महिन्यांना तिथे पहिल्यांदा नाव मिळालं. आणि जसजशी ती माणसात येत गेली, तसतसे कोपरावरचे चट्टेही परत येत गेले. मग मनगटावर. मग सकाळची बोटं.

मन थाऱ्यावर आल्याचं दोन्ही डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा ती शिट्टीसाहेबांकडे गेली. या वेळी पूर्ण बाह्या नव्हत्या.

ते तिच्या हातांकडे बघून म्हणाले, "परत?"

"परत. नवीन औषध सुरू होईल, त्याआधी रक्ताच्या तपासण्या चालू आहेत. ते लागू पडेल, न पडेल. तोवर मी पाण्यात कुणाला धरत नाही. बोटांत तेवढी ताकद नाही, आणि ते कुणाच्या जिवाशी खेळणं होईल. मी काठावरून लांब काठीने शिकवीन. पण खिडकीवर बसणार नाही. आणि हा लागणारा रोग नाही, हे तुम्हाला सांगायला जड जातं ना, मी सांगते. वर्गाच्या पहिल्या दिवशी, सगळ्यांसमोर, हात दाखवून. कुणाला नको असेल त्याने दुसऱ्या वर्गात जावं."

शिट्टीसाहेबांनी शिट्टी तोंडात धरली, न वाजवता काढली. "काठी कुठली? ती भांडारातली? तिचं टोक मोडलंय."

"नवरा बसवून देणार आहे."

"मग ठीक," ते म्हणाले.

तपासण्यांचे निकाल घ्यायला ती दवाखान्यात गेली, त्या दिवशी बाकावर तिच्या शेजारी एक माणूस बसला होता. भर उकाड्यात त्याच्या हातांत पांढरे सुती मोजे होते. मांडीवर गोळ्यांचं तेच पाकीट होतं, अजून न फोडलेलं. तो ते सारखं उलटसुलट करत होता. तिच्या मनगटाकडे त्याचं लक्ष गेलं आणि तो जरासा सरकून बसला. लांब नव्हे, जवळ.

"तुम्हालाही का?" त्याने हळूच विचारलं. "मी वसतिगृहात स्वयंपाक करतो. म्हणजे करत होतो. आता वाढपाला उभं राहायलाही नको म्हणतात पोरं. ही आजपासून घ्यायला सांगितलीय. तुम्ही घेतलीत कधी?"

"घेतली होती."

"मग? गुण आला?"

तिने आपल्या हातांकडे पाहिलं. एक चट्टा करंगळीच्या पेरावर नव्याने उमलत होता. नाही म्हणणं फार सोपं होतं. त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, तो नाही ऐकायलाच टपला होता. म्हणजे पाकीट परत करून मोजे घालून तो मोकळा.

"आला," ती म्हणाली. "चांगला आला. हे हात लख्ख झाले होते. पण मला ती मानवली नाही. मन फार खाली गेलं. पूर्वी एकदा गेलं होतं, आणि मी ते लपवलं होतं. तुमचं कधी गेलंय?"

तो म्हणाला, "नाही. खरंच नाही. राग येतो फार. पण तसं नाही."

"मग तुम्हाला मानवेल, बहुतेक. पोट बिघडेल सुरुवातीला, त्याला घाबरून सोडू नका. जिवाला फारच झालं तर इथं फोन करा, मनाने बंद करू नका. अख्खी गिळा. दुसरं काही औषध चालू असेल तर आत सांगा. आणि घरी कोण आहे?"

"बहीण आहे. थोरली."

"तिला सांगून ठेवा, माझ्या चेहऱ्याकडे लक्ष ठेव. तुमच्या आधी तिला दिसेल. तिने विचारलं तर खेकसू नका."

"ती तशीही लक्ष ठेवतेच," तो म्हणाला, आणि पहिल्यांदा किंचित हसला. त्याने पाकिटाच्या कडेला नख लावलं, पण मोज्यामुळे ते उघडेना. ओशाळून त्याने तिच्याकडे पाहिलं.

"द्या इकडे," ती म्हणाली.

तिचीही बोटं त्या सकाळी धड वळत नव्हती. तिने पाकीट गुडघ्यांत धरलं, अंगठ्याने कड दाबली आणि वेळ घेत, घाई न करता, ते उघडू लागली. आतून तिला बोलावणं आलं. "आले," तिने बसल्या जागेवरूनच सांगितलं, आणि कड सुटेपर्यंत ती उठली नाही.